एकोणतीस नंबरची कुपी

सादिका आतार माझ्याआधी सात वर्षं आमच्या प्रयोगशाळेत लागली होती. मोशीच्या पुढे, चाकण रस्त्याला, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर ही प्रयोगशाळा आहे. खाली पत्रा कापायचं वर्कशॉप. त्यामुळे दिवसभर जमीन थरथरते आणि काचेच्या नळ्या स्टँडमध्ये किणकिणत राहतात. मी उदगीरहून एम.एस्सी. करून इथं आले तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं मला बर्नरपाशी हात कसा धरायचा ते शिकवलं, आणि डबा खायला सोबत बसवून घेतलं. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू दवाखान्यांतून आमच्याकडे येतात. दुसरीकडून येतात पेप्टाइडं. म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, यंत्रावर एकेक कडी जोडून बनवलेल्या. पांढरी भुकटी असते, छोट्या कुपीत, कुपीवर नंबर. ती भुकटी पाण्यात विरघळवून जंतूंवर घालायची आणि किती कमी मात्रेत ते मरतात ते बघायचं. शहाण्णव खळग्यांची एक प्लॅस्टिकची तबकडी असते. खळग्यांत जंतूंचं खाद्य, जंतू आणि भुकटीचं पाणी घालून ती रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी निळा रंग घालायचा. जंतू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी होतं. मेले असतील तर निळं ते निळंच राहतं. आम्ही वर्षाला शेकडो तबकड्या बघायचो आणि बहुतेक सगळ्या गुलाबी व्हायच्या.

ताई देहूरोडला राहायची. वडील चांदभाई, भाऊ आमिर आणि भावजय असं घर. आई आधीच गेलेली. ताईचं लग्न झालं होतं आणि दीड वर्षात ती माहेरी परत आली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. एवढंच एकदा सांगितलं, की परत आल्यावर नातेवाइकांनी घर डोक्यावर घेतलं तेव्हा चांदभाईंनी कुणाला काही न विचारता तिच्यासाठी एम.एस्सी.चा फॉर्म आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

चांदभाईंचं जुन्या हायवेला रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी एका ईदला त्यांच्याकडे शीरखुर्मा खायला गेले होते. घरात ते हिंदीत बोलायचे, माझ्याशी मात्र मराठीत. मुलगी नेमकं काय करते, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, या पेप्टाइडांनी जंतूच्या कातडीला भोकं पडतात, आतलं सगळं बाहेर गळतं आणि जंतू मरतो.

ते हसले. "म्हणजे ही भोकं पाडते. मी आयुष्यभर भोकं बुजवतोय."

ताईही हसली. त्या घरात मी तिला मोकळं हसताना पाहिलं ते तेवढंच.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात दुकानात झाळकाम करताना वितळलेल्या कथिलाचा एक थेंब चांदभाईंच्या चपलेत पडला. त्यांना वीस वर्षांची साखर. पायाला मुंग्या येऊन येऊन तळवा बधिर झालेला, त्यामुळे त्यांना काही कळलंच नाही. तीन दिवसांनी भावजयीला त्यांच्या मोज्यावर ओला डाग दिसला. करंगळीच्या बाजूला नाण्याएवढी जखम झाली होती.

गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जखम वाढली. मग दवाखान्यात दाखल केलं, इंजेक्शनं सुरू झाली. जखमेतल्या पुवाचा रिपोर्ट आला तेव्हा ताईनं तो प्रयोगशाळेत आणून मला दाखवला. एका जंतूचं नाव आणि त्याखाली औषधांची यादी, प्रत्येक औषधापुढे एकच अक्षर, त्याचा अर्थ उपयोग नाही. फक्त एका औषधापुढे वेगळं अक्षर होतं. पण ते औषध मूत्रपिंडाला सोसत नाही, आणि चांदभाईंची मूत्रपिंडं आधीच निम्मी झालेली. असे रिपोर्ट आम्ही रोज बघायचो. त्यावर वरच्या कोपऱ्यात माणसाचं नाव असतं, ते आम्ही वाचत नाही.

सर्जननं सांगितलं, पंजाचा पुढचा भाग काढावा लागेल. आत्ता केलं तर टाच राहील आणि बूट घालून चालता येईल. दोन दिवसांत ठरवा.

आमिर तयार होता. तो हिंजवडीच्या कंपन्यांची कॅब चालवायचा. दिवसातले चार तास ट्रॅफिकमध्ये जायचे आणि उरलेल्या वेळात तो दवाखान्यात बसायचा. अब्बांना विचारलं तर त्यांनी ताईकडे बघितलं. त्या घरात शिकलेली ती एकटी. औषधांची नावं वाचता येणारी ती एकटी. ताईनं आठ दिवस मागितले. सर्जननं नको म्हणून सांगितलं, तरी तिनं कागदावर सही केली आणि वडिलांना स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेलं. जवळच्या क्लिनिकमधून इंजेक्शनं चालू ठेवली आणि ड्रेसिंग मी करीन म्हणाली.

रिपोर्ट सोडला तर यातलं काही मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की ताई सकाळी उशिरा येते, डबा उघडत नाही आणि माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघते.

त्याच दिवसांत आमच्याकडे एकोणतीस नंबरचं पेप्टाइड आलं होतं. दोन वर्षांत असं काही आम्ही पाहिलं नव्हतं. तबकडीत निळ्या खळग्यांची रांगच्या रांग. अगदी थोड्या मात्रेत जंतू मरत होते, आणि तेही सगळ्यांत चिवट. आमचे प्रमुख निरंजन सर एरवी फार बोलत नाहीत, पण ती तबकडी उजेडाकडे धरून ते बराच वेळ उभे राहिले. पुढच्या चाचण्यांची यादी भिंतीवर लावली होती. रक्तद्रवात ते टिकतं का, तांबड्या पेशी फोडतं का, पुवात काय होतं. यासाठी लागणारा माल यायला तीन आठवडे होते. तोपर्यंत एकोणतीस नंबर फ्रीजरमध्ये.

नंतर ताईनं मला सांगितलं ते असं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं वडिलांच्या जखमेतला जंतू एका नळीतून प्रयोगशाळेत आणला. दुसऱ्या दिवशी तबकडी भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी निळा रंग घातला आणि तबकडी निळीच राहिली. तिनं मला बोलावलं नाही, सरांनाही नाही. ती तबकडी नेहमीच्या पिशवीत घालून जंतू मारायच्या भट्टीत टाकली आणि फ्रीजरमधून एकोणतीस नंबरची कुपी काढली.

घरी तिनं अब्बांना सगळं सांगितलं. हे औषध नाही, कुणा माणसावर अजून वापरलेलं नाही, चालेल की नाही मला माहीत नाही. फक्त जखमेवर ठेवायचं, पोटात द्यायचं नाही. चांदभाईंनी एकच विचारलं, आमिरला सांगायचं का. ती म्हणाली, आत्ता नको.

मग ती रोज सकाळी जखम धुवायची, भुकटीच्या पाण्यात भिजवलेली पट्टी ठेवायची आणि कामावर यायची.

पट्टी सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी मी दुसऱ्या कामासाठी एकोणतीस नंबरची कुपी तराजूवर ठेवली. वहीत लिहिलं होतं त्यापेक्षा चौदा मिलिग्रॅम कमी. चिमटीत मावेल एवढी भुकटी, पण आमच्या कामात ती पुष्कळ. मी ताईकडे बघितलं. ती हातमोजे काढत होती.

"सांडली माझ्याकडून," ती म्हणाली. "लिहायचं राहिलं."

माझ्या पहिल्या वर्षी मी एका तबकडीवरचे नंबर चुकून पुसले होते आणि ते मी लपवू बघत होते, तेव्हा हिनंच मला त्याच दिवशी वहीत लिहायला लावलं होतं. तिच्याकडून भुकटी सांडते आणि लिहायची राहते, हे मला पटलं नाही. तरी मी वहीत 'सांडली' असं लिहिलं आणि खाली सही केली. मला वाटलं, घरात वडील आजारी आहेत, हात थरथरला असेल. खरं सांगायचं तर मला वाटलं ते एवढंच नव्हतं. मला विचारायचं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी बसस्टॉपवर ती बऱ्याच दिवसांनी बरी वाटली. म्हणाली, अब्बांच्या जखमेचा वास कमी झालाय. कडा गुलाबी दिसताहेत. काल रात्री त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

पट्टीच्या सहाव्या दिवशी चांदभाईंना थंडी वाजून ताप आला. पोटरीवर तांबडी रेघ चढली होती. आमिर कामावरून गाडी तशीच घेऊन आला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. त्या दिवशी दुपारी पाय गुडघ्याच्या वर कापला.

ताईनं सर्जनला गाठलं आणि विचारलं, घरी न नेता तेव्हाच कापलं असतं तर? त्यांना कुपीचं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, पंजावर भागलं असतं कदाचित. या आजारात नक्की काही सांगता येत नाही.

पाय कापल्याच्या तिसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. मला वाटलं रजेचा अर्ज द्यायला आली असेल. तिच्याकडे बर्फाचा डबा होता आणि त्यात एक नळी. शेवटच्या ड्रेसिंगच्या वेळी जखमेतून निघालेलं पाणी तिनं जपून ठेवलं होतं.

मग तिनं मला सगळं सांगितलं, बसून, पहिल्यापासून. आवाज नेहमीचाच होता. मला पळून जावंसं वाटत होतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "एक चाचणी लावायची आहे. माझ्या हातानं नको. माझ्या हातांवर आता माझा भरवसा नाही. तू लाव."

मी तबकडी लावली. वरच्या अर्ध्या भागात जंतूंचं नेहमीचं खाद्य आणि एकोणतीस नंबर. खालच्या अर्ध्या भागात तेच सगळं, फक्त त्यात ते जखमेतलं पाणी गाळून घातलेलं. जंतू चांदभाईंचाच, तिनं आधी आणलेल्या नळीतला. ती सबंध वेळ शेजारच्या स्टुलावर बसून होती. खालून पत्रा कापायचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निळा रंग घातला. आम्ही वाट बघत बसलो. तासाभरात खालचा अर्धा भाग गुलाबी व्हायला लागला. आधी कडेचे खळगे, मग मधले, मग सगळ्यांत जास्त मात्रेचे. वरचा भाग निळाच राहिला. पुढे आम्ही मोजून पाहिलं तेव्हा कळलं, की जखमेतल्या पुवात एकोणतीस नंबर वीस मिनिटंसुद्धा टिकत नव्हतं. पुवातली पाचक द्रव्यं त्या साखळीचे तुकडे तुकडे करून टाकत होती. म्हणजे ती सहा दिवस वडिलांच्या पायावर नुसतं पाणी ठेवत होती.

ती तबकडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एका दिवसाचं काम होतं, स्वरूपा. बाकीचा माल आला नव्हता, पण पू तर माझ्या घरातच होता. मला सुचलं नाही असं नाही. मला उत्तर नको होतं."

मी तबकडीचा फोटो काढला, वहीत चिकटवला आणि तारीख घातली. खाली ताईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की नमुना कुणाचा आणि कसा आणला. ती वही घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

निरंजन सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, तासभर बोलत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. नियमाप्रमाणे संशोधनाच्या नैतिकता समितीला कळवावं लागलं. कळवलं. चौकशीत मलाही बोलावलं. 'सांडली' हा शब्द कुणी लिहिला, असं विचारलं. मी म्हटलं, मी. माहीत होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, माहीत नव्हतं, पण शंका होती. मला लेखी ताकीद मिळाली. ताईनं चौकशी पूर्ण व्हायच्या आधीच राजीनामा दिला. तिच्या टेबलावरचा स्टँड, तिचा पांढरा कोट आणि एक छोटं कॅलेंडर एवढंच सामान होतं. मी तिला खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेले. रिक्षा मिळेपर्यंत थांबले.

पाय गेल्यावर चांदभाई सात महिने जगले. दुकान बंद झालं. ते दारापाशी लोखंडी पलंगावर बसून असत. कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांकडे बघत आणि कुणाचा रेडिएटर तापलाय ते आवाजावरून सांगत. मी महिन्यातून एकदा जायचे. ताई त्यांचं सगळं करायची. आमिर तिच्याशी बोलत नव्हता. तिनं त्याला कुपीचं सांगितलं होतं, त्या दिवसापासून. त्याच घरात, त्याच ताटांत जेवत होते, पण तो पाणी हवं असेल तर बायकोला हाक मारायचा.

चांदभाईंनाही तिनं चाचणीचा निकाल सांगितला. मी तिथं होते. तिला थांबवायचं माझ्या मनात आलं, पण थांबवलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "त्या चार-पाच दिवसांत मला बरं वाटत होतं. ते खरं होतं का?"

"नाही, अब्बा. जखम रोज नीट धुतल्यामुळे वास कमी झाला असेल. बाकी काही नव्हतं."

"मग हे सांगायला नको होतंस," ते म्हणाले. रागानं नाही. त्यांनी उरलेल्या पायावरची चादर सारखी केली आणि रस्त्याकडे तोंड केलं. ताई आत गेली. मी चहा तसाच ठेवून निघाले.

ऑक्टोबरअखेर त्यांची मूत्रपिंडं थांबली. तीन वेळा डायलिसिस झालं. चौथ्या वेळी त्यांनी हातानंच नको अशी खूण केली. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. घरात बायका बसल्या होत्या, ताई त्यांच्यात होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. परत निघाले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आमिर भेटला. त्याची कॅब तिथंच लावलेली होती. तो म्हणाला, "बहन को बोलना, मेरे दिल में कुछ नहीं है." मग मराठीत म्हणाला, "मला तोंडावर सांगता येत नाही."

मी तिला फोन करून सांगितलं.

"त्यानं रागवावं," ती म्हणाली. "अब्बा रागावले नाहीत. सर रागावले नाहीत. तूही नाहीस. कुणीतरी एकानं तरी रागवायला पाहिजे."

आता ती चाकणला एका दूध आणि पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. कंपन्यांच्या कँटीनचे नमुने येतात. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, दुधात किती आहेत, एवढंच मोजायचं. मारायचं काही नाही. त्या लॅबमध्ये तिनं स्वतः होऊन जुनी हकीकत सांगितली आणि तरीही त्यांनी घेतलं, याचं तिला नवल वाटतं. पगार कमी आहे आणि देहूरोडहून तिथं पोहोचायला दोन बस बदलाव्या लागतात. आमिर तिला त्याच्या गाडीतून सोडतो म्हणाला होता. ती नको म्हणाली.

आमच्याकडे एकोणतीस नंबरची फाइल बंद झाली. त्या साखळीच्या काही कड्या उलट्या जोडल्या तर पुवातली द्रव्यं तिला तोडू शकत नाहीत, असं सरांना वाटतं. त्यावर आता काम सुरू आहे. चांदभाईंचा जंतू आमच्या खोल फ्रीजरमध्ये आहे. समितीनं रीतसर परवानगी घ्यायला सांगितलं तेव्हा चांदभाई होते. त्यांनी फॉर्मवर अंगठा नाही, सही केली, उर्दूत. त्या जंतूला एक नंबर दिलाय. नवीन कुपी आली की पहिली चाचणी त्याच्यावर लावायची, असं ठरलं आहे. पहिल्या दिवशी आम्ही ती पुवासारख्या द्रवातच लावतो. आत्तापर्यंत अकरा कुप्या झाल्या, अकराही गुलाबी.

मी ताईला यातलं काही सांगत नाही. ती विचारत नाही. रविवारी कधी फोन केला तर आम्ही भाजीपाल्याचं बोलतो, बसचं बोलतो. मागच्या आठवड्यात तिनं सांगितलं, की तिच्याही पायाला मुंग्या येतात म्हणून तिनं साखर तपासली. वाढलेली निघाली.